घर घेतल्यावरचा पहिला पाऊस

भाड्याच्या घरांत मी सतरा वर्षे राहिले. त्या सतरा वर्षांत घर राखणे म्हणजे केर काढणे, फरशी पुसणे आणि दिवाळीच्या आधी जळमटे काढणे, एवढाच माझा समज होता. तो अगदीच चुकीचा होता असे म्हणता येणार नाही, कारण नळ गळू लागला, कडी निखळली किंवा गच्ची झिरपू लागली की मालकांना कळवायचे आणि ते माणूस पाठवीपर्यंत खाली बादली ठेवायची, याहून अधिक काही करण्याचा आम्हाला अधिकारही नव्हता आणि गरजही नव्हती. 2022 च्या फेब्रुवारीत आम्ही रत्नागिरीहून पावसकडे जाणाऱ्या रस्त्याच्या आतल्या अंगाला, सड्यावर, म्हणजे जांभ्याच्या उघड्या पठारावर, एक जुने चिरेबंदी घर विकत घेतले. चार खोल्या, पुढे पडवी, मागे न्हाणीघर, वर मंगलोरी कौले, एक विहीर, दोन माड आणि एक फणस. खरेदीखत झाले त्या दिवशी मला एवढेच सुचले, की आता भिंतीला खिळा मारायला कोणाला विचारावे लागणार नाही.

त्या घरात आता चार पावसाळे काढले आहेत. गेल्या महिन्यात कार्यालयातील एका तरुण सहकाऱ्याने लांज्याजवळ घर घेतले आणि साफसफाईसाठी काय काय आणून ठेवू, असे मला विचारले. झाडू, खराटा, फिनेल ही नावे तोंडाशी आली होती, पण मी म्हटले, "आधी एक शिडी आणि एक चांगली बॅटरी घे." तो हसला. हे लेखन त्याच्यासाठी आणि पहिल्यांदाच घरमालक झालेल्या इतरांसाठी आहे. कोकणात घराची निगा राखणे म्हणजे मुख्यतः पाण्याची वाट राखणे, हे कळायला मला एकच भिंत दोनदा रंगवावी लागली. ती हकीकत आधी सांगते.

माजघराच्या उत्तरेकडील भिंतीवर, जमिनीपासून दीड हात उंचीवर, आम्ही घर पाहायला आलो तेव्हाच एक फिकट पिवळसर डाग होता. एप्रिलमध्ये मी तो घासला, पोपडे खरवडले, पुट्टी भरून घेतली आणि वर पुसता येईल असा प्लास्टिक रंग लावून घेतला. रंगाऱ्याची मजुरी धरून साडेपाच हजार रुपये गेले. जूनच्या अखेरीस त्या रंगाला फोड आले. जुलैत ते फुटले आणि आतून पिठासारखा पांढरा लोणा भुरभुरू लागला. कपाट सरकवून पाहिले तर मागे काळी बुरशी होती, आणि कपाटातल्या रेशमी साड्यांना तो वास लागलेला होता. ब्लीचच्या पाण्याने मी भिंत पुसली, आठ दिवसांत बुरशी परत आली. दिवाळीच्या आधी पुन्हा खरवडणे, पुन्हा पुट्टी, पुन्हा रंग. पुढच्या जुलैत त्याच जागी तेच फोड.

शेजारचे तात्या कधी काळी गवंडीकाम करीत असत. भिंत पाहायला मी त्यांना बोलावले, तर ते माजघरात आलेच नाहीत, पडवीतच उभे राहून म्हणाले, "ताई, ओल आत शोधू नका. पाऊस चांगला लागला की छत्री घ्या आणि घराभोवती एक फेरी मारा. कुठे भिजतेय ते बाहेरूनच दिसेल."

त्याच रात्री साडेनऊच्या सुमारास मुसळधार सुरू झाली आणि मी बॅटरी घेऊन बाहेर पडले. उत्तरेच्या बाजूला वळचणीखालच्या पत्र्याच्या पन्हळीच्या सांध्यातून मनगटाएवढी धार पडत होती. खाली उतरणाऱ्या नळाचे तोंड फणसाच्या कुजक्या पानांनी आणि कौलाच्या एका तुकड्याने इतके घट्ट बुजले होते, की पन्हळ काठोकाठ भरून सांध्यातून वाट काढीत होती. ती धार जोत्याच्या वरच्या थरावर आपटत होती, आणि तिथून उडालेले तांबडे पाणी भिंतीवर गुडघाभर उंचीपर्यंत चढत होते. जोत्याला लागूनच आधीच्या मालकांनी जास्वंदीचा आणि अबोलीचा वाफा केला होता. वाफ्याला विटांची कड होती, त्यामुळे पडलेले पाणी अंगणाकडे न वाहता भिंतीच्या पायथ्याशी तळ्यासारखे साचले होते. भिंतीच्या पलीकडे, नेमक्या त्या जागी, माझे कपाट.

त्या पाण्याचा हिशेब मी नंतर मांडला. एक चौरस मीटर जागेवर एक मिलिमीटर पाऊस पडला की एक लिटर पाणी होते. हजार चौरस फुटांचे छप्पर म्हणजे सुमारे 93 चौरस मीटर. रत्नागिरीत पावसाळ्याच्या भरात दिवसाला 100 मिलिमीटर पाऊस ही फारशी नवलाची गोष्ट नाही, म्हणजे एका दिवसात छपरावरून नऊ हजार लिटरांहून अधिक पाणी खाली येते, आणि दुपाखी छपराच्या एका पाख्याच्या वाट्याला त्यातले निम्मे. एवढे पाणी आपल्या एका भिंतीच्या पायाशी रोज ओतले जात असेल, तर वरून कोणत्याही प्रतीचा रंग लावला तरी काय होणार?

आमच्या भिंती जांभ्याच्या चिऱ्यांच्या आहेत, आणि हा दगड सच्छिद्र असतो. खाणीतून काढताना तो मऊ असल्यामुळे त्याचे चिरे सहज पाडता येतात आणि हवा लागल्यावर तो कठीण होतो, परंतु त्याची छिद्रे काही बुजत नाहीत. पायथ्याशी पाणी साचले की ते चिऱ्यांतून वर ओढले जाते, येताना विरघळलेले क्षार घेऊन येते, आणि भिंतीच्या पृष्ठभागावर पाणी उडून गेले की क्षार मागे राहतात. हाच लोणा. वर प्लास्टिक रंगाचा पापुद्रा असेल तर पाण्याला उडून जाता येत नाही, क्षार पापुद्र्याच्या मागे साठतात आणि तो उचलून टाकतात. एका कारागिराला याबद्दल विचारले, तर त्याने आणखी महागडा रंग सुचवला, आणि त्यात त्याची काही चूक होती असे मला वाटत नाही, कारण मी प्रश्नच रंगाचा विचारला होता.

ओल बाहेरून येते की खोलीतल्या दमट हवेचा घाम भिंतीवर धरतो, हे ओळखण्याची एक सोपी युक्ती आहे. हातभर प्लास्टिकचा तुकडा भिंतीवर चारही कडांनी चिकटपट्टीने पक्का लावावा आणि दोन दिवसांनी पाहावे. थेंब प्लास्टिकच्या मागे, भिंतीच्या बाजूला असतील, तर ओल भिंतीतून येते आहे. खोलीच्या बाजूला असतील, तर खिडक्या उघडण्याची आणि कपाट भिंतीपासून चार बोटे पुढे ओढण्याची गरज आहे. पुट्टीवर पैसे घालण्यापूर्वी हे दोन दिवस दिले असते, तर माझे निदान पाच हजार वाचले असते.

उपाय साधा निघाला. पन्हळ साफ करून सांधा बदलला, नळाच्या तोंडावर जाळी बसवली, वाफा हलवून अंगणाच्या कडेला नेला, आणि जोत्याभोवती अडीच फूट रुंदीचा, बाहेर उतार असलेला सिमेंटचा कोबा करून त्याच्या कडेने चर काढला. मग पुट्टी आणि रंग पूर्ण खरवडून भिंत तशीच उघडी ठेवली. ती सुकायला दिवाळीपासून मार्चपर्यंतचा काळ लागला. येणाजाणाऱ्यांनी विचारले, आम्ही सांगत राहिलो. मार्चमध्ये तिला चुन्याचे दोन हात दिले. चुना हवेतला कार्बन डायऑक्साइड घेऊन घट्ट होतो, भिंतीतली वाफ अडवत नाही, आणि ताजा असताना इतका अल्कधर्मी असतो की बुरशीला त्यावर सहजी पाय रोवता येत नाही. हात लावला की पांढरी फक्की लागते ही त्याची खोड आहे. सरस किंवा डिंक मिसळला तर ती कमी होते. चुना कालवताना आणि छताकडे हात देताना डोळ्यांना चष्मा मात्र अवश्य लावावा, चुन्याचा थेंब डोळ्यात गेला तर इजा गंभीर होते.

आता छपराविषयी. कौलारू घर दरवर्षी पावसापूर्वी शाकारावे लागते, हे मला ऐकून माहीत होते, पण शाकारणी म्हणजे नेमके काय ते त्या वर्षी पाहिले. मृग नक्षत्र 7 किंवा 8 जूनला लागते. त्याआधी, म्हणजे एप्रिलच्या मध्यापासून मेच्या तिसऱ्या आठवड्यापर्यंत, कौले पाखोपाख उचलून खालचा पातेरा, म्हणजे साठलेला पालापाचोळा, झाडला जातो, फुटकी कौले बदलली जातात, रिपा आणि वासे ठोकून पाहिले जातात, आणि आढ्यावरच्या कोन्यांचा निखळलेला गिलावा पुन्हा केला जातो. मे उजाडल्यावर माणसे शोधायला निघालात तर ती मिळत नाहीत. आमच्या भागात लोक शिमग्यालाच सांगून ठेवतात. कौले फुटण्याची कारणे आमच्याकडे तीन आहेत, वानरे, माडाची झावळी आणि स्वतः शाकारणीला चढलेली माणसे. या तिसऱ्या कारणासाठी एक पाटी कौले जास्तीची आणून ठेवावी. मात्र आणताना आपले एक कौल नमुन्याला न्यावे. मंगळूरच्या बासेल मिशन या ख्रिस्ती धर्मप्रसारक संस्थेने 1865 मध्ये या कौलांचा कारखाना काढला, आणि पुढे इतक्या कारखान्यांनी त्याच धर्तीची कौले केली, की वरून सारखी दिसणारी दोन कौले खोबणीला खोबण लावून पाहिली तर बसत नाहीत. अशी न बसणारी चाळीस कौले आमच्या न्हाणीघरामागे उभी आहेत.

कौलांखालचा पातेरा काढताना आणि भिंतीलगतची लाकडे किंवा चिरे हलवताना हातमोजे आणि बूट घालावेत. सड्यावर फुरसे असते, ते लहान असते, दगडाच्या रंगात मिसळून जाते आणि विषारी असते. लाकडाचा ढीग घराच्या भिंतीला टेकवून रचू नये. तो वीतभर उंच फळीवर आणि भिंतीपासून दूर ठेवला तर साप, विंचू आणि वाळवी, तिन्हींची सोय एकदमच कमी होते.

पायऱ्यांवरचे आणि अंगणातल्या फरशीवरचे शेवाळ पावसाळ्यात आठवड्याला खराट्याने घासावे लागते. त्याला पर्याय नाही. ब्लीचिंग पावडर टाकून अर्धा तास ठेवले की घासणे सोपे जाते. अॅसिड मात्र जांभ्यावर आणि सिमेंटवर कधीही टाकू नये, ते शेवाळाबरोबर सिमेंटही खाते आणि पृष्ठभाग आणखी खडबडीत करून पुढच्या शेवाळाला जागा करून देते.

न्हाणीघरातली माझी चूक याहून मोठी होती. आमच्या विहिरीच्या पाण्यात लोह आहे, जांभ्याच्या मुलखात ते पुष्कळ ठिकाणी असते, आणि त्यामुळे नळाखाली, बादल्यांना, संडासाच्या भांड्याला विटकरी डाग पडतात. पांढरे करायचे म्हणजे ब्लीच, या हिशेबाने मी महिनाभर ब्लीच ओतत राहिले आणि डाग गडद होत गेले. कारण अगदी सरळ आहे, ब्लीच पाण्यातल्या लोहाला आणखी गंजवते, आणि गंज हाच तर डाग असतो. त्याला आंबट पदार्थ लागतो. दोन मोठे चमचे लिंबूसत्त्व लिटरभर गरम पाण्यात विरघळवून तासभर डागावर ठेवले की साध्या घासणीने तो निघतो. पितळेच्या समईला आमसुलाचे पाणी लावतात, त्यामागचे तत्त्व थोडेफार हेच.

इथे एक धोका स्पष्ट सांगितला पाहिजे. ब्लीच आणि आम्ल, मग ते लिंबूसत्त्व असो, व्हिनेगर असो किंवा संडास साफ करण्याच्या बाटलीतले हायड्रोक्लोरिक आम्ल असो, एकत्र आले की क्लोरीन वायू सुटतो, आणि कोंदट न्हाणीघरात तो जिवावर बेतू शकतो. "दोन्ही टाकले की जास्त स्वच्छ होईल" हा विचार चांगल्या शिकलेल्या माणसांच्याही मनात येतो. आमच्याकडे आता दोन्हींच्या जागा वेगळ्या आहेत आणि वारही वेगळे आहेत.

ब्लीचिंग पावडरीविषयी अजून थोडे. ती दमट हवेत झपाट्याने निकामी होते, त्यामुळे मागच्या वर्षीचे उघडे पाकीट म्हणजे जवळपास नुसता चुनाच. शिवाय तिची वाफ लोखंड खाते. मी ती पत्र्याच्या कपाटात ठेवली होती, तर एका पावसाळ्यात कपाटाच्या तळाला भोके पडली आणि शेजारच्या पेटीतले सगळे स्क्रू एकमेकांना चिकटून गंजाचा एकच गोळा झाला. आता ती झाकणाच्या प्लास्टिक डब्यात, बाहेरच्या पडवीत असते.

विहिरीसाठी तिचे प्रमाण ठरलेले आहे. चांगल्या प्रतीची पावडर हजार लिटर पाण्याला अडीच ग्रॅम. विहिरीतले पाणी मोजायचे, तर व्यासाचा वर्ग गुणिले पाण्याची खोली गुणिले 3.14, त्याला चारने भागायचे, म्हणजे घनमीटर मिळतात, आणि एक घनमीटर म्हणजे हजार लिटर. आमच्या विहिरीचा व्यास तीन मीटर आहे आणि जूनमध्ये पाणी दोन मीटर असते, म्हणजे सुमारे चौदा हजार लिटर, म्हणजे 35 ग्रॅम पावडर. ती मूठभर घेऊन वरून भिरकावून द्यायची नसते. बादलीत थोड्या पाण्यात तिची पेस्ट करून मग बादली पाऊण भरेल इतके पाणी घालावे, दहा मिनिटे निवळू द्यावे, वरचे निवळ पाणी दुसऱ्या बादलीत काढून ती बादली विहिरीत सोडून वरखाली हलवावी. तळाचा चुना विहिरीत जाऊ देऊ नये. त्यानंतर निदान तासभर पाणी भरू नये. आम्ही हे रात्री जेवणे झाल्यावर करतो, म्हणजे सकाळपर्यंत कोणाचा घोटाळा होत नाही. मे महिन्यात पाणी तळाला गेले की विहीर उपसून गाळ काढणे हे वेगळे काम, आणि ते जाणत्या माणसांकडूनच करून घ्यावे.

विहिरीचा विषय निघाला की सेप्टिक टाकीचा निघतोच, कारण दोहोंमध्ये निदान 15 मीटर अंतर हवे असे सांगतात, आणि आमच्याकडे ते आहे की नाही हे सांगता येईना. टाकी कुठे आहे हेच आम्हाला ठाऊक नव्हते. दुसऱ्या वर्षी संडासातले पाणी हळू उतरू लागले, तेव्हा आम्ही दोघे घरामागे पहारीने जमीन ठोकत फिरलो. न्हाणीघरामागे नाही, फणसाखाली नाही. शेवटी आधीच्या मालकांना दूरध्वनी केला. ते अत्यंत आपुलकीने म्हणाले, "अहो, ती काय तिथेच, कपडे धुण्याच्या नव्या कट्ट्याखाली." त्यांनी टाकीच्या झाकणावर कोबा करून, त्यावर फरशी बसवून, तिच्यावर कट्टा बांधला होता. कट्टा सुंदर होता. तो फोडला, झाकण मोकळे केले आणि उचलण्यासाठी त्याला दोन कड्या बसवल्या. अंतर मोजले, ते एकोणीस मीटर भरले.

टाकी साधारण दोन-तीन वर्षांनी उपसून घ्यावी, आणि ती पाऊस सुरू होण्यापूर्वी, कारण जुलैत शोषखड्डाच पाण्याने भरलेला असतो आणि गाडी अंगणात रुतते ती वेगळीच. उपसण्यासाठी नळी लावणारी गाडीच बोलवावी. आत माणूस उतरवू नये, कोणी स्वस्तात उतरायला तयार असला तरीही नाही. टाकीत हायड्रोजन सल्फाइड आणि मिथेन साठलेले असतात, दोन श्वासांत माणूस कोसळतो आणि त्याला काढायला उतरलेला दुसराही कोसळतो. 2013 च्या कायद्याने सुरक्षासाधनांवाचून माणूस उतरवणे हा गुन्हा ठरवला आहे, आणि त्याची जबाबदारी काम करवून घेणाऱ्यावरही येते. आता मालक म्हणजे आपण, हे मला त्या दिवशी नीट उमगले. टाकीतले काम जिवाणू करीत असतात, म्हणून रोज बाटलीभर जंतुनाशक ओतण्याची हौसही आवरावी.

समुद्र आमच्यापासून दोन किलोमीटरवर आहे, तरी खारा वारा पोचतो. हवेतले मीठ लोखंडावर बसते, आणि हवेतील आर्द्रता 75 टक्क्यांच्या वर गेली की ते मीठ स्वतःच पाणी ओढून विरघळते आणि लोखंडावर सतत ओला खारट थर राहतो. कोकणात वर्षाचा मोठा भाग आर्द्रता त्याहून अधिक असते. एक गोष्ट मला उशिरा दिसली. पावसात भिजणारी गजांची बाहेरची बाजू त्यामानाने चांगली राहते, कारण पाऊस मीठ धुऊन नेतो. वळचणीखालची, आडोशाची, पाऊस न लागणारी बाजू आधी गंजते. म्हणून ऑक्टोबर ते मे या काळात महिन्यातून एकदा खिडक्यांचे गज, फाटकाच्या बिजागऱ्या आणि वातानुकूलन यंत्राचे बाहेरचे धूड गोड्या पाण्याने धुवावे, यंत्राची वीज बंद करून. गंज दिसला की तो पॉलिश पेपरने चकचकीत धातू दिसेपर्यंत घासावा, त्याच दिवशी प्रायमर आणि नंतर तैलरंगाचे दोन हात द्यावेत. गंजावर नुसता रंग फासणे म्हणजे माझ्या माजघराच्या भिंतीचीच गोष्ट पुन्हा. नवे काही घ्यायचे असेल तर बिजागऱ्या पितळेच्या घ्याव्यात, आणि स्टेनलेस स्टील घेतानाही प्रत विचारावी. 304 प्रतीवर समुद्राजवळ तपकिरी डाग येतात, 316 मध्ये मॉलिब्डेनम असल्याने ते अधिक टिकते आणि तितकेच महागही असते.

विजेबद्दल थोडक्यात. मुख्य पेटीत 30 मिलिअँपिअरची आरसीसीबी, म्हणजे वीज गळू लागताच पुरवठा तोडणारी कळ, आहे की नाही हे पहिल्याच आठवड्यात इलेक्ट्रिशियनकडून पाहून घ्यावे, आणि तिच्यावरची चाचणीची कळ महिन्यातून एकदा दाबून ती खाली पडते का ते पाहावे. ओल्या भिंतीत वीज उतरली तर हेच उपकरण जीव वाचवते. एप्रिल-मेमध्ये सडा कोरडा ठणठणीत होतो, तेव्हा अर्थिंगच्या खड्ड्यात पाणी घालत जावे.

वाळवी पाण्याच्याच मागोमाग येते. ओल्या भिंतीवरून, चौकटीच्या कडेने, पेन्सिलीएवढ्या जाडीच्या मातीच्या नळ्या वर चढताना दिसल्या, तर त्या पुसून टाकून समाधान मानू नये. नळी मधोमध मोडावी आणि दोन-तीन दिवसांनी पाहावी, दुरुस्त झालेली असेल तर आत वर्दळ चालू आहे. मग पायथ्याशी भोके पाडून औषध भरणे हे प्रशिक्षित माणसाचे काम. वाशांना आणि रिपांना आमच्याकडे काजूच्या टरफलांचे तेल लावतात. ते प्रभावी आहे, पण कातडीला लागले तर फोड येतात, मला मनगटावर आले होते.

पन्हळीत, कुंडीखालच्या ताटलीत आणि टाकून दिलेल्या नारळाच्या करवंटीत साचलेल्या पाण्यात डासांची अंडी घातल्यापासून डास उडेपर्यंत साधारण आठ-दहा दिवस लागतात, म्हणून ही सगळी पाणी आठवड्यातून एका ठरावीक वारी ओतून टाकायची. आमचा वार रविवार आहे. त्याच फेरीत पन्हळ, चर आणि जाळी पाहून होते, आणि त्या फेरीला वीस मिनिटे लागतात.

कट्टा फोडल्यानंतर मी एका वहीत घराचा नकाशा काढला. पाण्याची मुख्य चावी कुठे, नळ भिंतीतून कसे गेले आहेत, टाकीचे झाकण कोठे, अर्थिंगचा खड्डा कोठे, विजेची कोणती कळ कोणत्या खोलीची, शेवटची शाकारणी कधी झाली, टाकी कधी उपसली. घर विकत घेताना ही माहिती खरेदीखताच्या आधी मालकांबरोबर घरभर फिरून लिहून घ्यावी, कारण नंतर ते आठवून सांगतात, आणि आठवणीत कट्टे राहून जातात.

गेल्या रविवारी तो सहकारी घर पाहायला आला होता. त्याने वहीतल्या नकाशाचे छायाचित्र काढले, पन्हळ पाहिली, जोत्याभोवतीच्या कोब्यावरून चालून पाहिले आणि जाताना विचारले, "शिडी किती फुटी घेऊ?" पडवीची वळचण जमिनीपासून किती उंच आहे ते मोजून कळव, असे मी त्याला सांगितले आहे. त्याचे उत्तर अजून आलेले नाही, आणि मे अर्धा सरला आहे.